खुल्या पुस्तकाची मुदत

निखत माझ्याकडे आली ती प्रबंधाची भाषा तपासून घ्यायला. अमरावतीत हे काम माझ्याहून चांगलं करणारे लोक आहेत, असं मी तिला दारातच सांगितलं. ती म्हणाली, अब्बांनी तुमचंच नाव सांगितलंय. तिचे अब्बा म्हणजे अकोल्याच्या ताजनापेठेतले कुर्बानभाई बाइंडर. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो तेव्हा आमची फाटकी पुस्तकं बांधायला त्यांच्याकडेच जात. वऱ्हाडातल्या निम्म्या प्राध्यापकांचे प्रबंधही त्यांच्याच हाताखालून गेलेले. मी तिला आत घेतलं, खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली आणि पंखा लावला.

हे २०१५ सालचं. पावसाने लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर शेतकरी-आत्महत्येच्या बातमीत रोज कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव असायचं आणि ते गाव ओळखीचं निघू नये म्हणून मी ते पान शेवटी वाचायचो. अशा दिवसांत ही मुलगी पिशवीभर कागद घेऊन आली होती ते ऑस्ट्रियाचे, नेदरलँड्सचे, ब्राझीलचे. तिचा विषय असा होता: सरकारच्या किंवा विद्यापीठाच्या पैशातून संशोधन होतं, त्याचं पुस्तक निघतं, मग ते पुस्तक इंटरनेटवर सगळ्यांना फुकट वाचायला मिळावं का, आणि कुठल्या देशात त्याचे नियम काय आहेत. याला ओपन अ‍ॅक्सेस म्हणतात. मी त्याला 'खुलं पुस्तक' असा शब्द सुचवला. तिने तो लगेच घेतला. मला उगाचच धास्ती वाटली, कारण मी सुचवलेलं लोक इतक्या लवकर घेत नाहीत.

ती अकोल्याच्या एका कॉलेजात तासांवर शिकवायची. रविवारी सकाळच्या एसटीने यायची, दुपारी परत जायची. एकेक देशाचं प्रकरण मी वाचत गेलो. ऑस्ट्रियातला विज्ञान-निधी पुस्तक खुलं करायला लावी आणि त्याचा खर्चही देई. नेदरलँड्सवाल्यांनी काही पुस्तकं खुली ठेवून, काही बंद ठेवून विक्रीत फरक पडतो का ते चक्क मोजून पाहिलं होतं. ब्रिटनने लेखांना सक्ती केली होती आणि पुस्तकांना तूर्त सूट दिली होती. ब्राझीलमध्ये काही विद्यापीठांनी मिळून आपली पुस्तकं एका जागी मांडली होती. आपल्याकडे लेखांसाठी काही धोरण नुकतंच आलं होतं, पण पुस्तकांबद्दल तिला काही सापडलं नव्हतं. काही ठिकाणी मधला रस्ता होता: आधी वर्ष-दोन वर्षं प्रकाशकाने पुस्तक विकावं, मग ते खुलं व्हावं. या मधल्या काळाला आम्ही 'मुदत' म्हणायचं ठरवलं. साठी उलटल्यावर मला एखादा विषय इतका आवडेल असं वाटलं नव्हतं.

शेवटचं प्रकरण मात्र आपल्या इकडचं होतं. वऱ्हाडातल्या ज्या लेखकांनी संशोधनाची पुस्तकं लिहिली आहेत, ते आपलं पुस्तक खुलं करायला तयार आहेत का? तिने प्रश्नावल्या पोस्टाने पाठवल्या होत्या. त्या परत आल्या नाहीत. मग तिने मला विचारलं, सर, तुम्ही सोबत याल का, तुमची सगळ्यांशी ओळख आहे. ओळख म्हणजे काय, तर मी त्यांची पुस्तकं ग्रंथालयात घेतली होती. पण मी गेलो.

ते दिवस फार छान गेले. अमरावती, चांदूर रेल्वे, अकोट, अकोला. आम्ही गेलो की चहा यायचा, चहासोबत चिवडा, चिवड्यानंतर "जेवूनच जा". तू आपल्या कुर्बानची पोरगी काय, असं म्हणून लोक आपल्या प्रबंधाची जुनी प्रत काढून दाखवत, बघ, अजून शिवण उसवली नाही. अकोटचे भगवंतराव, ज्यांनी तिथल्या कापसाच्या जिनिंग-गिरण्यांचा इतिहास लिहिला, त्यांनी तर प्रश्न वाचलेही नाहीत. पेन घेतलं आणि सगळ्या 'हो'वर खुणा करून टाकल्या. अकोल्याला जठारपेठेत खुशालराव राहत. अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, माणूस तोंडाचा फटकळ. त्यांनीही 'हो' लिहिलं. एक प्रश्नावली निखतने माझ्यापुढेही ठेवली होती. माझं एकच पुस्तक आहे, कापसाविषयी वऱ्हाडात आजवर काय काय लिहिलं गेलं त्याची सूची. मीही 'हो' लिहिलं.

तिने प्रकरण लिहून आणलं तेव्हा तिचा चेहरा खुललेला होता. पुस्तक खुलं करण्याच्या बाबतीत वऱ्हाडचे लेखक परदेशातल्या लेखकांपेक्षाही उदार आहेत, असा तिचा निष्कर्ष होता. मी एक-दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि प्रकरण परत दिलं.

तिच्या मार्गदर्शकांना ते पटलं नाही. ते शांतपणे म्हणाले, असं असेल तर सोपं आहे. विद्यापीठाच्या संगणकावर जागा आहे, सगळ्यांची परवानगीची सही आण, पुस्तकं चढवून टाकू, आणि त्याचंच प्रकरण कर. सह्या नाही मिळाल्या तर मात्र या आकड्यांवर मी प्रबंध पुढे पाठवणार नाही. निखतची नोंदणी मार्चमध्ये संपत होती. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती, दुसरी मिळणार नव्हती.

ती एकटीच सगळीकडे पुन्हा फिरली. कोणाचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. कोणाला मुलाला विचारायचं होतं आणि मुलगा पुण्याला होता. कोणाला प्रकाशकाला विचारायचं होतं आणि प्रकाशक वारला होता. भगवंतराव म्हणाले, आत्ता पितृपक्ष आहे. नंतर गेली तर म्हणाले, दिवाळी होऊ दे. चहा मात्र सगळीकडे मिळाला.

डिसेंबरात मी तिच्या कॉलेजच्या कामासाठी अकोल्याला गेलो होतो. परत निघताना ती मला बसस्टँडपर्यंत सोडायला आली. बस लागायची होती. ती बराच वेळ फलाटावरच्या पाट्या वाचत उभी होती. मग म्हणाली,

"सर, एक विचारू? माझं नाव दुसरं काही असतं तर सह्या मिळाल्या असत्या का?"

तेवढ्यात बस आली. खिडकीतून मी हात हलवला, तिनेही हलवला.

मूर्तिजापूर येईपर्यंत मी तेच घोळवत होतो. तिची शंका खोटी आहे असं छातीठोकपणे सांगायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्यांच्या मनातलं मला काय माहीत? पण माझ्या मनातलं माहीत होतं. परवानगीचा एक कागद तिने माझ्याही टेबलावर ठेवला होता. तो तिथेच होता, कोरा. वडीलधाऱ्या माणसाला तीच गोष्ट दोनदा विचारू नये म्हणून तिने पुन्हा विषय काढला नव्हता, आणि मी मनातल्या मनात तिचे आभार मानले होते. मला माझं पुस्तक खुलं करायचं नव्हतं. पहिल्या दिवसापासून नव्हतं. पण पोरगी घरी आली होती, कुर्बानभाईंची होती, समोर कागद धरून बसली होती. घरी आलेल्याला नाही कसं म्हणायचं? आमच्याकडे लोक रस्त्यात भांडतील, पण दारात आलेल्याला नकार देणार नाहीत. तो नकार मागाहून, चष्म्याच्या आणि पितृपक्षाच्या रूपाने द्यायचा असतो आणि समोरच्याने तो ओळखायचा असतो. निखतला हे कळत नव्हतं असं नाही. ती वऱ्हाडातच वाढलेली. पण संशोधनाच्या कागदावर लिहिलेलं 'हो' हे 'हो'च असतं, असं ती पुस्तकांत शिकली होती. आणि तिच्या बाजूला मी होतो, मान डोलावत.

पुढच्या रविवारी मीच अकोल्याला गेलो. तिला म्हटलं, चल, खुशालरावांकडे जाऊ. तिने का म्हणून विचारलं नाही.

दार पार्बताबाईंनी उघडलं. बसा, चहा टाकते, म्हणून त्या आत गेल्या. खुशालराव पलंगावर बसले होते. त्यांच्या पुस्तकाचे गठ्ठे पलंगाखाली होते, सुतळीने बांधलेले.  मला चारचौघांत बोलता येत नाही, तिघांतही येत नाही.

"खुशालराव," मी म्हणालो, "चहाच्या आधी एक बोलतो. मी या पोरीच्या कागदावर हो लिहिलं. ते खरं नव्हतं. मला माझं पुस्तक खुलं करायचं नाही."

निखत माझ्याकडे पाहत नव्हती. तिने पिशवी मांडीवर घेतली होती आणि तिचे बंद बोटाला गुंडाळत होती.

खुशालरावांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काहून?"

"चुका आहेत त्यात. सालं चुकलीत, पृष्ठांक चुकलेत. एका लेखकाचं काम दुसऱ्याच्या नावावर गेलंय. आत्ता ते चार ग्रंथालयांत धूळ खात पडलंय तेच बरं आहे. खुलं केलं की सगळ्यांना दिसेल."

"मोतीरामभाऊ," खुशालराव म्हणाले, "तुमची सूची उघडून चुका काढाले कोन बसलंय रिकामं?"

आतून पार्बताबाईंचा आवाज आला, "आन् तुमचं कोन वाचून राह्यलं? पलंगाखालचे उंदरं."

ते हसले नाहीत.  मग निखतकडे वळले.

"पोरी, तू घरी आल्ती. तुह्या हातात कागद, माह्या हातात चहाचा कप. नाही कसं म्हनू तुले?"

"आता म्हणा," निखत म्हणाली.

"आता म्हनतो. नाही."

तिने मान हलवली. कागद काढला नाही, पेनही नाही. मला वाटतं म्हणूनच ते पुढे बोलले.

त्यांचं पुस्तक अकोट तालुक्यातल्या कापसाच्या गावांवर होतं, दोन हजार चार-पाचच्या सुमाराला केलेलं काम. त्या वर्षांत बाहेरून गाड्या भरभरून लोक यायचे, प्रश्न विचारायचे, फोटो काढायचे आणि जायचे. खुशालराव एसटीने जायचे आणि मुक्कामाला राहायचे. ज्या घरातला कर्ता माणूस गेला त्या घरी ते लगेच जात नसत. महिना-दीड महिना जाऊ देत, गर्दी ओसरली की जाऊन बसत. तिथल्या बाया त्यांच्याशी बोलल्या. सख्ख्या भावाला सांगितलं नसतं ते बोलल्या. सासऱ्याविषयी, दिराविषयी, गेलेल्या माणसाविषयीसुद्धा. आणि खुशालरावांनी ते गावासकट, नावासकट लिहिलं. तेव्हा त्यांना वाटलं होतं, नाव नसलं तर कोण विश्वास ठेवेल? आणि छापायच्या प्रती त्या किती, वाचणार कोण?

"एका पेपरवाल्याले प्रत देल्ली," ते म्हणाले. "चांगला वाटला मानूस. त्यानं एका घरचं सगळं उचललं आन् छापलं, नावागावासकट. त्या घरच्या पोरीची सोयरीक होऊन राह्यली होती. मोडली. तिची माय माह्या दारात आली. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. म्हने, मास्तर, तुमाले सांगतलं होतं, पेपराले नाही." त्यांनी पलंगाखाली बोट दाखवलं. "तवापासून मी मानूस पाहून पुस्तक देतो. आधी बसवतो, चहा पाजतो, गोष्टी करतो. मंग देतो, नाही तं म्हनतो प्रती संपल्या. आता मले सांग, त्या इंटरनेटवर मी मानूस कसा पाहू?"

 मी या माणसाला तीस वर्षं ओळखत होतो आणि मला वाटायचं, विकली न गेलेली पुस्तकं त्यांनी लाजेखातर पलंगाखाली लपवली आहेत.

निखतने हळूच विचारलं, "कधीच नाही करायचं का, सर? ते काम दुसऱ्या कुणी केलेलं नाही. मी शोधलंय. त्या गावांवर बाहेरच्या लोकांनी लिहिलेली पुस्तकं आहेत, काही तर इंटरनेटवर खुलीसुद्धा आहेत. तुमचं एकातही नमूद नाही. त्यांना ते मिळालंच नाही."

हे त्यांना लागलं. लागलं असं चेहऱ्यावर दिसलं. 

"कधीच नाही असं कसं म्हनू," ते म्हणाले. "त्या घरांत लेकरं हायेत. तवा कडेवर होते, आता शाळेत. त्यायची लग्नं होऊ दे. आपापले संसार लागू दे. मंग कोनी नाव वाचलं तरी 'हे त्या पुस्तकातलं पोरगं' असं कोनी म्हननार नाही. तवा कर खुलं. मी असो नसो."

"म्हणजे मुदत," निखत म्हणाली. ती माझ्याकडे वळली, त्या सकाळी पहिल्यांदाच. "सर, ही मुदतच आहे." आणि मग तिने खुशालरावांना समजावून सांगितलं, की बाहेरच्या देशांतही पुस्तक काही काळ बंद ठेवतात, पण ते प्रकाशकाचं नुकसान होऊ नये म्हणून. पुस्तकातल्या माणसांसाठी मुदत ठेवल्याचं तिने वाचलेल्या एकाही धोरणात नव्हतं.

पार्बताबाई दारात येऊन उभ्या होत्या. "प्रकाशकाले काय पोरगी उजवाची रायते?" त्या म्हणाल्या.

खुशालरावांनी सही केली, पण परवानगीच्या छापील मजकुरावर काट मारून. खाली आपल्या अक्षरात लिहिलं की या पुस्तकातल्या घरांमधलं सर्वांत धाकटं मूल मार्गी लागेपर्यंत ते खुलं करू नये, आणि मार्गी लागलं की नाही हे गावात जाऊन पाहावं, फोनवर विचारू नये.

आम्ही रस्त्यावर आलो. निखत थोडं अंतर ठेवून चालत होती. रेल्वे पुलाजवळ आल्यावर म्हणाली, "तुम्ही मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"तू घरी आली होतीस."

"मी पाहुणी होते का, सर? मी तर शिकायला आले होते."

मी बसस्टँडचा रस्ता धरला. 

जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही सगळ्या घरी पुन्हा गेलो. रीत अशी ठरली, की बसल्याबरोबर मी माझं 'नाही' सांगायचं. मी ते प्रत्येक ठिकाणी घाम पुसत सांगितलं. एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याला सोपं जातं. भगवंतरावांनी सांगितलं, त्यांच्या पुस्तकातली दोन प्रकरणं खरं तर एका मित्राची आहेत, मित्र गेला, त्याच्या मुलाला हे ठाऊक नाही. आधी त्या मुलाशी बोलतो, मग बघू. एकांना वाटत होतं, फुकट मिळालेल्याला लोक किंमत देत नाहीत. एका बाईंनी मात्र खरोखरच सही केली आणि विचारलं, यात इतके दिवस घालवण्यासारखं काय होतं? एका घरात दार पुरतं उघडलंच नाही. आम्हाला उंबऱ्याबाहेरूनच उत्तर मिळालं आणि ते देणारा माणूस फक्त माझ्याकडे पाहून बोलला.  प्रबंधात तिने ते लिहिलं, एका ओळीत, नाव न देता.

प्रकरण नव्याने झालं. त्यात आता दोन रकाने होते, पहिल्या भेटीतलं उत्तर आणि आम्ही दोघं पुन्हा गेलो त्या दुसऱ्या भेटीतलं. उदारपणाचा निष्कर्ष गेला. त्याच्या जागी, धोरण करणाऱ्यांनी आधी काय विचारायला हवं आणि कोणाला, असं काहीसं आलं. त्या भागाची भाषा मला तपासावी लागली नाही. मार्गदर्शकांनी मार्च संपायच्या आत सही केली. आपल्याला हेच अपेक्षित होतं, असंही म्हणाले.

तोंडी परीक्षा त्या वर्षीच्या दिवाळीनंतर झाली. ती खुली असते, कोणीही जाऊन बसावं. कुर्बानभाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. मी मागे, दाराशी. खुशालराव उशिरा आले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. बाहेरून आलेले परीक्षक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी परदेशांविषयी बरंच विचारलं, तिने बरीच उत्तरं दिली. मग त्यांनी शेवटच्या प्रकरणाचं पान उघडलं.

"लोक पहिल्यांदा एक बोलले, दुसऱ्यांदा दुसरं. दुसरंच उत्तर खरं, हे तुम्ही कशावरून धरलंत? तेही तुम्हाला बरं वाटावं म्हणून दिलेलं असू शकतं."

प्रश्न बरोबर होता.  हे मला कधी सुचलंच नव्हतं. निखतने हातातला कागद टेबलावर ठेवला.

"पक्कं सांगता येणार नाही, सर," ती म्हणाली. "पण पहिल्या वेळी प्रत्येक घरी आम्हाला चहा मिळाला. दुसऱ्या वेळी बोलण्याच्या नादात कुणीच दिला नाही."

लोक हसले. परीक्षकही हसले आणि त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

"ठेवला होता," माझ्या शेजारून खुशालराव मोठ्याने म्हणाले. "आटून गेला."

परीक्षकांनी मान वर केली. हे कोण, म्हणून विचारलं.

"तक्त्यातलं दुसरं 'नाही', सर," निखत म्हणाली. "पहिलं त्यांच्या शेजारी बसलंय."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. खुशालरावांनी मला कोपराने ढोसलं, म्हणून मी उभा राहिलो, नमस्कार केला आणि लगेच बसलो.

पदवीची शिफारस झाली.  कुर्बानभाई पुढे जाऊन परीक्षकांच्या हातातला प्रबंध बघत होते, त्याची शिवण, कोपरे, आणि तो त्यांनीच बांधलेला होता. जिन्याशी निखतने मला गाठलं.

"सर, आता तरी? तुमच्या नावापुढे नुसतं 'नाही' आहे. मुदत लिहिलेली नाही."

"चुका दुरुस्त होईपर्यंत," मी म्हणालो.

"तुमच्या चुका कधी संपायच्या?"

"मग नाहीच समज."

 "बरं," ती म्हणाली, आणि खरोखरच त्यात काही बिघडलेलं नसावं तशी अब्बांना शोधायला वर निघून गेली.